आठवण येणं, आठवण काढणं आणि आठवण उगाळणं

प्रश्न: माझे वडील एप्रिल २०२१ मध्ये पुण्यात कोविडने गेले. रुग्णालयात भेटायला बंदी होती. शेवटच्या दिवशी दुपारी पावणेतीनला त्यांचा फोन आला, तो मी उचलला नाही. मी तेव्हा रेमडेसिव्हिरसाठी औषधाच्या दुकानाबाहेर रांगेत होतो. चार वाजता परत फोन केला तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. रात्री ते गेले. आज इतकी वर्षं झाली तरी रोज रात्री तेच आठवतं. बायको म्हणते, उगाळत बसू नका. एक मित्र म्हणाला, सगळं लिहून काढ, मोकळं वाटेल. तीन रात्री लिहिलं तर त्रास वाढलाच. आठवणी काढाव्यात की टाळाव्यात? आणि त्यांचा मोबाइल मी अजून चार्ज करून ठेवतो, हा वेडेपणा आहे का?

उत्तर: शेवटच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आधी देते. वेडेपणा नाही. उरलेलं अर्धं शेवटी सांगते.

आठवणी काढाव्यात की टाळाव्यात, याचं एका शब्दात उत्तर देणारा कुणी भेटला तर त्याचं ऐकू नका. मी सव्वीस वर्षं समुपदेशन करते. आठवणी सांगता सांगता हलकी झालेली माणसं पाहिली आहेत आणि आठवणींत खोल खोल रुतत गेलेलीही. तुमची बायको आणि तुमचा मित्र दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त ती दोघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत.

आपल्या भाषेने हा फरक कधीच करून ठेवलाय. आपण म्हणतो, ‘मला आठवण येते’. इथे येणारी ती, आपण फक्त दार. मग म्हणतो, ‘मी आठवण काढतो’. पेटीतून जुनी पैठणी काढावी, घडी उलगडून बघावी, परत ठेवून द्यावी, तसं. आणि तिसरं, तुमच्या बायकोच्या तोंडी आलेलं, ‘उगाळणं’. सहाणेवर खोड ठेवायचं, पाण्याचा थेंब टाकायचा आणि गोल गोल फिरवत राहायचं. हात पुढे कुठेच जात नाही. गंध मात्र दाट होत जातो. ही तीन वेगळी कामं आहेत आणि मनावर त्यांचे परिणामही वेगळे होतात.

उगाळण्याचा परिणाम सुझन नोलन-होक्सेमा या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी जन्मभर अभ्यासला. त्यातला एक अभ्यास तर योगायोगानेच घडला. कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीच्या आणि वाईट वाटल्यावर ते काय करतात याच्या नोंदी त्यांनी घेऊन ठेवल्या होत्या. त्यानंतर दोन आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर १९८९ ला, तिथे मोठा भूकंप झाला. दहा दिवसांनी आणि पुन्हा सात आठवड्यांनी त्यांनी त्याच मुलांना गाठलं. ‘मला असं का वाटतं, माझंच असं का होतं’ असं स्वतःच्या दुःखाभोवती फिरत राहण्याची सवय ज्यांना आधीपासून होती, ती मुलं भूकंपानंतर जास्त खचलेली निघाली. भूकंप सगळ्यांना एकच होता. घाव बसल्यावर मन काय करतं, तिथे वाटा फुटल्या.

उगाळणं ओळखायचं कसं? माझी एक साधी कसोटी आहे. अर्धा तास आठवत बसल्यावर स्वतःला विचारा, ‘या अर्ध्या तासात काही असं आठवलं का, जे काल आठवलं नव्हतं?’ काहीच नवं आलं नसेल, तेच वाक्य, तोच ‘का’, तोच शेवट, तर ते उगाळणं. तिथे उठायचं आणि हातांना काम द्यायचं. भांडी घासा, गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घाला, जिना उतरून कोपऱ्यापर्यंत जाऊन या. ‘विचार करू नको’ असं मनाला सांगून मात्र पाहू नका. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं होतं. अस्वल येतच राहिलं, आणि नंतर ‘आता खुशाल करा विचार’ म्हटल्यावर पहिल्यापासून मुभा असलेल्यांपेक्षाही जास्त आलं.

आता तुमच्या त्या पावणेतीनच्या फोनकडे येऊ, कारण खरं काम तिथे आहे.

‘बाबांचा फोन आला आणि मी उचलला नाही.’ हे वाक्य तुम्ही इतकी वर्षं म्हणताय. ते खोटं नाही, पण तो निकाल आहे. खटल्याचे कागद त्यात कुठेच नाहीत. माझ्यासमोर बसला असतात तर मी निकालावर वादच घातला नसता, ‘तुमची काही चूक नाही हो’ असंही म्हटलं नसतं. ते तुम्हाला शंभर जणांनी सांगितलं असेल, आणि एकदाही आत पोचलं नसेल. मी विचारलं असतं, रांग कुठल्या रस्त्यावर होती? ऊन होतं का? हातात काय होतं? डॉक्टरांची चिठ्ठी, आधार कार्डाची झेरॉक्स, पॉझिटिव्ह रिपोर्ट, यातलं कायकाय? तुमच्या पुढे किती माणसं होती? फोन खिशात होता की हातात? वाजला तो ऐकू आला, की नंतर मिस्ड कॉल दिसला?

हा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम ठेवलाय. तुम्ही ‘उचलला नाही’ एवढंच लिहिलंय. ऐकू आला, पण नंबर जवळ आला होता म्हणून ‘करतो पाच मिनिटांनी’ असं ठरवलंत, ही एक गोष्ट. गोंगाटात कळलंच नाही, ही दुसरी. दुःख दोन्हींत आहे, पण एकच नाही. यातलं खरं काय ते तुम्हालाच शोधावं लागेल. आणि पहिलं खरं निघालं तरी पळू नका. त्याच मिनिटाला थांबून स्वतःला विचारा, ‘पावणेतीन वाजता मला काय काय माहीत होतं?’ रात्री काय होणार हे त्या रांगेतल्या माणसाला माहीत नव्हतं. ते कळलं रात्री. पण आठवण रात्रीचं ज्ञान दुपारच्या माणसाच्या माथी मारते आणि मग त्याला दोषी ठरवते. अपराधी वाटणाऱ्या जवळजवळ प्रत्येक माणसात मी हे पाहिलंय.

एक बाई माझ्याकडे यायच्या. ओळख पटू नये इतपत तपशील बदलून सांगते. रात्री नवऱ्याच्या छातीत दुखायला लागलं, बाईंनी पित्त समजून लिंबू-सोडा दिला. पहाटे तो गेला. तीन वर्षं त्या एकच वाक्य म्हणत होत्या, ‘मी सोडा देत बसले.’ चौथ्या भेटीत आम्ही ती रात्र घटकेघटकेने सांगत होतो. सोडा कुणी मागितला? त्यानेच. पेला कुठला? स्टीलचा, कडेला पोचा आलेला. मग तो आडवा झाला, मग त्याला घाम आला, मग? मग बाई एकदम थांबल्या. म्हणाल्या, ‘मग मी तशीच अनवाणी पळाले. गल्लीच्या टोकाला जीपवाले राहतात, त्यांचं दार बडवलं. पायात काच गेली होती.’ साडीची कड वर करून त्यांनी मला टाचेचा व्रण दाखवला. तीन वर्षांत तो भाग त्या एकदाही बोलल्या नव्हत्या. आठवत नव्हता असंही नाही. निकालात बसत नव्हता म्हणून बाजूला पडला होता. त्या दिवशी त्या खूप रडल्या, पण ते रडणं वेगळं होतं. नवऱ्यासाठी रडायला त्यांना तीन वर्षांत सवडच मिळाली नव्हती, सगळा वेळ स्वतःला शिक्षा देण्यात गेला होता.

तपशिलाचा एवढा आग्रह का, याला आधार आहे. मार्क विल्यम्स आणि कीथ ब्रॉडबेंट यांनी १९८६ मध्ये, आत्महत्येच्या प्रयत्नातून नुकत्याच वाचलेल्या लोकांना एकेक शब्द देऊन त्यावरून आयुष्यातला एक ठरावीक प्रसंग सांगायला सांगितलं होतं. इतरांच्या मानाने या लोकांना एक असा प्रसंग सांगणं जड जात होतं. ते ‘मी नेहमी हरतो’, ‘लहानपणी घरी भांडणंच असायची’ अशा गोळाबेरजेवर थांबत. खोल नैराश्यात हे सर्रास दिसतं. ‘सगळ्या दिवाळ्या वाईटच गेल्या’ म्हणणाऱ्या माणसाला एक दिवाळी, एक सकाळ आठवत नाही. गोळाबेरजेवर उपाय सुचत नाही. एका सकाळीबद्दल मात्र बोलता येतं. एड वॉटकिन्स यांच्या इंग्लंडमधल्या कामातून उपचारांसाठी नेमका हाच धागा पुढे आला. ‘का’ सोडून ‘काय झालं, कसं झालं, मग काय’ असं विचारायला शिकवलं की उगाळणं सैल होतं.

एक गोष्ट मला नेहमी भावते. आपल्याकडे ‘तेच तेच दळण दळू नकोस’ म्हणतात, आणि त्याच जात्यावर बायांनी ओव्या रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या. त्यांत सासुरवास आहे, माहेरची ओढ आहे, गेलेल्या आईबापांचं दुःख आहे. पण बाई ते कुणाला तरी सांगते, सईला, भावाला, जात्यालाच ईश्वर म्हणून. दुःख हाक मारून सांगितलं की आपण त्यापासून हातभर लांब उभं राहतो. ईथन क्रॉस आणि ओझलेम आयडुक यांनी प्रयोगांत पाहिलं ते याच्या जवळचं आहे. कटू प्रसंगाकडे थोडं मागे सरून, दुसऱ्या कुणाकडे बघावं तसं पाहिलं तर संताप आणि त्रास कमी भडकतो. करून बघा. रांगेतल्या स्वतःबद्दल ‘मी’ न म्हणता ‘तो’ म्हणून लिहा. ‘तो सकाळी नऊपासून उभा होता. त्याने पाणी प्यालं नव्हतं.’

लिहिण्याबद्दल मित्राचा सल्ला कुठून आला असेल ते सांगते. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांचा १९८६ चा प्रयोग. विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सगळ्यात वाईट अनुभवाबद्दल लिहायला सांगितलं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या ते पुढच्या काही महिन्यांत आजारपणासाठी दवाखान्यात कमी गेले. लेखांतून आणि भाषणांतून एवढंच सांगितलं जातं. लिहिल्यानंतर लगेच त्यांना जास्तच वाईट वाटलं होतं, हे सांगायचं राहून जातं. म्हणजे तुमचा तीन रात्रींचा त्रास एकट्याने काही सिद्ध करत नाही. मात्र पुढच्या अनेक अभ्यासांत या लिहिण्याचा सरासरी फायदा बेताचाच दिसला, आणि जोडीदार गेलेल्या लोकांवर नेदरलँड्समध्ये मार्गारेट स्ट्रोब आणि सहकाऱ्यांनी पाहिलं तेव्हा भावना लिहून काढल्याने शोक लवकर सरतो असं दिसलं नाही. ‘लिहिलं की मोकळं वाटतं’ हे मी कुणाला खात्रीने सांगत नाही.

तरी तुम्हाला लिहायचं असेल तर रात्री अंथरुणात नको. झोपेच्या तोंडावर मन थकलेलं असतं, बाजूला कुणी जागं नसतं, आणि लिहून झालं की पुढे फक्त अंधार असतो. संध्याकाळी सहा-साडेसहाला टेबलाशी बसा, पंधरा मिनिटांचा गजर लावा. गजर झाला की वाक्य अर्धं असलं तरी वही मिटा. त्यानंतर काय करायचं ते आधी ठरवून ठेवा, मुलाचा अभ्यास, भाजी निवडणं, काहीही. आठवडाभरात लिहिण्यात एकही नवा तपशील आला नाही, किंवा झोप आणखी बिघडली, तर वही बंद करा आणि कुणाशी तरी समोरासमोर बोला.

शोकाबद्दल याच मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट यांनी १९९९ मध्ये मांडलेली कल्पना मला रोजच्या कामात सर्वांत उपयोगी पडली. शोक करणारा माणूस दोन खोल्यांत येजा करतो. एकीत गेलेलं माणूस असतं, दुसरीत वीजबिल, मुलांची फी, नवी घडी बसवणं. येजा चालू असली की शोक पुढे सरकतो. एकाच खोलीत कडी लावून बसलं की अडतं, मग ती कुठलीही खोली असो. आपल्या रीती अशीच येजा लावून देत होत्या असं मला वाटतं. दहावा, तेरावा, महिन्याचं, वर्षश्राद्ध, मग दर भाद्रपदात पितृपक्षातली तिथी. त्या दिवशी ठरवून आठवण काढायची, आवडीचा पदार्थ करायचा, संध्याकाळी कामाला लागायचं.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहतात ना, तो क्षण पाहा. कावळा शिवत नाही. मग घरचे एकेक पुढे येतात आणि मोठ्याने सांगतात, ‘धाकटीचं लग्न आम्ही करू’, ‘आईला अंतर देणार नाही’, ‘भावाशी अबोला सोडला’. जे राहून गेलं ते नाव घेऊन, सगळ्यांदेखत. त्यावर कुणाची श्रद्धा असो-नसो, राहून गेलेलं बोलायला तिथे जागा असते. एप्रिल २०२१ मध्ये तुमच्यासारख्या कितीतरी घरांतून ही जागाच गेली. पिशवीत गुंडाळलेला देह लांबून पाहिला, नगरपालिकेच्या माणसांनी अग्नी दिला, घरातले निम्मे स्वतः विलगीकरणात. मला वाटतं, तुमचा तो फोन रोज रात्री येतो तो या न झालेल्या दहाव्याचाही आहे. बाबांना पावणेतीनला तुम्ही काय म्हणाला असतात, ते तुम्ही अजून कुणासमोर मोठ्याने म्हटलेलं नाही.

‘वाईट कशाला आठवतोस, चांगलं आठव’ असंही तुम्हाला ऐकवलं गेलं असेल. मन ठीक असलेल्याला याने बरं वाटतं. पण युटा योरमान यांनी नैराश्यातल्या लोकांना सुखद प्रसंग आठवायला लावले तेव्हा त्यांची मनःस्थिती सुधारली नाही. कारण समजण्यासारखं आहे. ते सुख आणि आजचा दिवस यांची तुलना लगेच सुरू होते, ‘तेव्हा कसा होतो आणि आता बघ.’ नंतरच्या कामातून एक वाट दिसली. तुलनेकडे न जाता त्याच प्रसंगाच्या आत बारीक शिरायचं. ‘बाबा किती चांगले होते’ यापेक्षा बाबा स्कूटरला किक मारायच्या आधी ती एका बाजूला कशी कलती करायचे, हे आठवणं जास्त पोसतं.

‘येणाऱ्या’ आठवणींचं प्रकरण वेगळं आहे आणि त्यात घरगुती उपाय करू नयेत. माझी सुरुवातीची वर्षं लातूर-धाराशिव भागात गेली. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमाराला झाला, रात्री गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. कित्येक वर्षांनंतरही मला तिथे अशी माणसं भेटली, ज्यांना विसर्जनाचा ढोल ऐकला की घशात माती आल्यासारखं व्हायचं. त्यांना काही ‘आठवत’ नव्हतं, ते पुन्हा त्या ढिगाऱ्याखाली असत. अशा आठवणीवर काम होतं, पण ते प्रशिक्षित माणसाबरोबर, हळूहळू, दरवेळी परत जमिनीवर पाय टेकवून. आणि आपत्तीनंतर दोन-चार दिवसांत कुणाला बसवून ‘सांग, काय झालं, कसं वाटलं’ असं वदवून घेऊ नये. एका बैठकीत सगळं बोलायला लावण्याची ही पद्धत एके काळी जगभर चालायची. चाचण्यांत तिचा फायदा दिसला नाही, काहींत तर त्रास वाढलेला दिसला. त्या दिवसांत पाणी, पांघरूण, घरच्यांचा पत्ता आणि शेजारी शांत बसणारं माणूस लागतं. माणूस आपणहून बोलला तर ऐकावं.

तुमच्याबाबत मला एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. चार वर्षांहून जास्त काळ, रोज रात्री, झोप मोडून, हे साध्या आठवणीपलीकडे गेलंय. मृत्यूनंतर सहा महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या आणि रोजचं जगणं अडवणाऱ्या तीव्र शोकाला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत आता स्वतंत्र जागा आहे. त्यावर बोलून करायचे उपचार आहेत, ते लागू पडतात. सोबत नैराश्य असेल तर मानसोपचारतज्ज्ञ औषध देतील, तेही घ्या. ‘मी जगून काय करू’ असा विचार कधी शिवून गेला असेल तर आजच बायकोला सांगा आणि १४४१६ या टेलीमानस क्रमांकावर फोन करा. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं.

आता मोबाइल. तो ठेवा. टाकून द्या, विकून टाका असं कुणी म्हणालं तरी घाई करू नका. पण तो रोज चार्ज करताना तुम्ही कशाची वाट बघता, हे एकदा बायकोशी बोला. मग तो बंद करून बाबांच्या चष्म्याशेजारी, कपाटात ठेवा. येत्या पितृपक्षात बाबांच्या तिथीला दोघांनी मिळून काढा, चार्ज करा, फोटो बघा. आणि त्या दिवशी, बायको शेजारी असताना, पावणेतीनला जे बोलायचं होतं ते मोठ्याने बोला.

तोवर वहीत एवढंच लिहून सुरुवात करा: त्या दुपारी रांगेत तुमच्या पुढे कोण उभं होतं.